डाव्या हाताचा चाकू

दत्ताराम चाकू बघायला बाजारात निघाला की नाक्यावरचा हार्डवेअरवाला शेठ आधी नोकराला सांगायचा, "पंखा बंद कर रे, वास पसरेल." कारण दत्तारामच्या पिशवीत दोन बांगडे असायचे. खायला नव्हे. दुकानात शिरला की तो पिशवीत हात घालून बांगड्यांवर चांगला चोळायचा आणि तोच बुळबुळीत हात पुढे करून म्हणायचा, "हां, दाखव आता."

"अहो, दुकान आहे हे, मासळीबाजार नाही."

"मग हे चाकू सुक्या हाताच्या माणसांना वीक. मला बोटीवर वापरायचाय."

हात एकच, डावा. उजवा कोपराखाली चार बोटं गेला की संपलेला. मी शेजारी पिशवी धरून उभा. शेठ माझ्याकडे बघून मान हलवायचा, म्हणजे तुम्ही तरी समजवा. मी काय समजावणार? मला लाज वाटायची, आणि त्याच वेळी वाटायचं, मेल्याला इतक्या लोकांत एवढं निवांत वागायला जमतं कसं.

हे लिहायला बसलो तर बायको म्हणाली, "दत्तारामभावजींबद्दल चांगलं लिहा हो." चांगलंच लिहायचंय. पण खरं लिहायचं तर पहिल्यांदा हेच लिहायला पाहिजे की मी त्या माणसावर जन्मभर जळलो.

आम्ही दोघं मिरकरवाड्यातले, एका वयाचे. एकाच नाखव्याच्या, म्हणजे बोटमालकाच्या, बोटीवर एकाच वर्षी खलाशी म्हणून चढलो. तांडेल मात्र तो झाला. बारा वर्षं बोट त्याच्या ताब्यात आणि मी त्याच्या हाताखाली. पाण्याचा रंग बघून तो म्हणायचा, "रम्या, इथे टाक," आणि तिथे मासळी असायची. मी तोच रंग बघायचो, मला नुसतं पाणी दिसायचं. मासळी उतरवायला आलो की लिलावातल्या बायका लांबून हाक मारायच्या, "दत्तारामदादा, काय आणलंत?" टोपली माझ्या डोक्यावर असायची.

मग एका मोसमाच्या शेवटी शेवटी जाळं वर घेताना ते ओढणाऱ्या विंच मशीनवरच्या दोराचा वेढा त्याच्या उजव्या मनगटावर पडला. चाकू होता, पण उजव्या खिशात. डावा हात उलटा घालून त्याने तो काढला. नख घालून उघडायचा जुना चाकू तो, एका हाताने उघडेना. त्याने दाताने ओढला. पुढचा दात अर्धा तुटला, चाकू उघडला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. विंच मी थांबवली. मला उशीर झाला नाही असं सगळे म्हणाले, तोही म्हणाला.

तो इस्पितळात होता तेव्हा नाखव्याने मला बोलावून बोट माझ्या ताब्यात दिली. मी घरी आलो, अंघोळ केली आणि देवापुढे नारळ वाढवला. बायकोने विचारलं, "नारळ कसला?" मी म्हणालो, दत्ताराम वाचला त्याचा. तिने पदराने डोळे पुसले आणि त्यातलं अर्धं खोबरं त्याच्याच घरी शेवंतीवहिनीला नेऊन दिलं.

मला वाटलं होतं, आता संपलं. हात गेलेला माणूस घरी बसेल, चार लोक हळहळतील, आणि मिरकरवाड्यात तांडेल म्हटलं की माझं नाव निघेल. कसलं काय. दत्ताराम दोन महिन्यांत जाळी शिवायच्या शेडमध्ये येऊन बसला. जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरायचा, थोट्याने दाबायचा आणि डाव्या हाताने सुई फिरवायचा. अर्धी गाठ हाताने, अर्धी त्या तुटक्या दाताने. लोक उभे राहून बघायचे. पावसाळ्यात गणपतीपुळ्याला आलेले पाहुणेसुद्धा वाट वाकडी करून जेटीवर यायचे, ते शेडपाशी थांबायचे. मी त्याच शेडमध्ये दोन हातांनी त्याच्या दुप्पट गाठी मारायचो. पण दोन हातांच्या माणसाकडे कोण बघतो?

त्याला दया चालत नसे. कोणी म्हणालं, "द्या, मी बांधतो," तर म्हणायचा, "तुझी नाडी सुटली तर मी बांधायला येतो काय?" स्वतःला सरळ थोटा म्हणायचा आणि समोरचा अवघडला की खूश व्हायचा. कोणी हात जोडून नमस्कार केला तर डावा हात छातीवर ठेवून म्हणायचा, "अर्धा घ्या. उरलेला अर्धा समुद्राकडे हाय."

तीन वर्षं अशी गेली. मग एका पावसाळ्यात, बोटी बंदरात ओढलेल्या असताना, तो नाखव्याकडे गेला आणि म्हणाला, मला परत बोटीवर घ्या. मी तिथेच होतो, इंजिनाचं काही सामान सांगायला गेलो होतो.

नाखवा म्हातारा, कमी बोलणारा. त्याने आधी त्या थोट्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "दत्ताराम, तुझं समुद्राचं ज्ञान मला माहीत हाय. पण दोर पुन्हा अडकला तर?"

"कापीन."

"मागच्या वेळी दोन हात होते."

"मागच्या वेळी चाकू चुकीचा होता."

नाखव्याने अट घातली. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी, जेटीवर, सगळ्यांसमोर. ओल्या हाताने चाकू खिशातून निघाला पाहिजे, उघडला पाहिजे, बोटीचा दोर कापला गेला पाहिजे आणि चाकू मिटून परत खिशात गेला पाहिजे. सगळं नाखवा दहा आकडे मोजेपर्यंत. नाही जमलं तर पुन्हा बोटीचं नाव काढायचं नाही.

"मिटायचा कशाला?" मी विचारलं.

दत्ताराममध्ये हा एक वाईट गुण होता, विचारलं कोणालाही तरी उत्तर तोच द्यायचा. "उघडा चाकू हातात घेऊन जाळं कसं ओढणार? माझा एकच हात. तो चाकूत गुंतला की मी नुसता उभा."

नाखव्याने मान डोलावली आणि माझ्याकडे वळला. "रमाकांत, तू तांडेल हायस. चाकू बघायला ह्याच्याबरोबर जा. आणि जमलं, तर कोणाला कुठे बसवायचं ते मग बघू."

ते 'मग बघू' माझ्या पोटात जाऊन बसलं. पुढचा महिनाभर तिथेच होतं.

असे आम्ही चाकू बघत फिरलो. तोवर मला चाकू म्हणजे पातं आणि मूठ एवढंच माहीत होतं. दत्तारामने मला शिकवलं की जगातला जवळजवळ प्रत्येक मिटता चाकू उजव्या माणसासाठी केलेला असतो. पातं ढकलायचं बोंड उजव्या अंगठ्याला सापडेल असं. खिशाला अडकवायची पट्टी उजव्या खिशासाठी. उघडं पातं आत अडवून धरणारी पत्री असते, ती दाबायची तीही उजव्या अंगठ्याने. डाव्या हातात तोच चाकू घेतला की सगळं उलटं. उघडायला एक वेळ उघडायचा. पण मिटायला गेलं की ती पत्री दाबताना बोट नेमकं पात्याच्या वाटेत यायचं.

"उघडायला सगळेच उघडतात," तो म्हणायचा. "मिटताना काय मागतो ते बघायचं. हा माझं बोट मागतो. ठेव परत."

एका दुकानदाराने इकडेतिकडे बघत खालच्या खणातून खटक्याचा चाकू काढला. कळ दाबली की पातं सपकन बाहेर. मला तर आवडला. म्हटलं, घे आणि सुटू दे मला. दत्तारामने तो दोनदा उडवला आणि खाली ठेवला. "आत स्प्रिंग हाय. खारं पाणी गेलं की आठ दिवसांत मेली. आणि खिशात आपोआप उघडला तर शेवंती मला घरात घ्यायची नाय." दुकानदार हसला, गिऱ्हाइकं हसली. मी त्याच्याबरोबर आलोय हे कोणाच्या लक्षातही नव्हतं.

आणखी एक सांगतो. चाकू मिळायच्या आधीच त्याने शिंप्याकडून सगळ्या पँटींचे डावे खिसे बदलून घेतले होते. तोंड रुंद, आणि मांडीवर थोडे पुढे, म्हणजे बसलेल्या माणसाचाही हात सरळ पडेल. शिंपी म्हणाला, चाकू तर आणा आधी. हा म्हणाला, "जागा तयार असली की वस्तू येते." असल्या भरवशाचा मला राग यायचा. माझ्याकडे बोट होती, हात होते, आणि झोपताना रोज भीती वाटायची की हे सगळं जाईल. ह्याच्याकडे नुसता रिकामा खिसा होता आणि हा ढाराढूर झोपायचा.

शेवटी चाकू शोधला तो माझ्याच मुलीने. प्राजू पुण्याला नोकरीला आहे. दत्तारामकाकाचं तिला लहानपणापासून कोण कौतुक. मी बापासारखा बाप, पण समुद्राची गोष्ट ऐकायला ती त्याच्या मांडीवर जाऊन बसायची. तिने मोबाइलवर बघून बघून एक चाकू काढला आणि त्याचा व्हिडिओ त्याला पाठवला. पात्याला अंगठा मावेल एवढं गोल भोक, दोन्ही बाजूंनी सारखं. मुठीत एक आडवी कांडी, तिची टोकंही दोन्हीकडे. कांडी मागे ओढली की पातं सैल होऊन खाली पडतं, बोट वाटेत येतच नाही. खिशाची पट्टी हवी त्या बाजूला लावायची. पात्याच्या बुडाशी नायलॉनचा दोर कापायला दाते. डावा-उजवा भेदच नाही.

दत्ताराम व्हिडिओ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हा काय मागत नाय."

त्याच्या गल्लीत पार्सलवाले चुकतात, म्हणून प्राजूने आमच्या घरचा पत्ता दिला.

पार्सल आलं तेव्हा मी घरी एकटा होतो. पौर्णिमेला नऊ दिवस होते. केवढंसं ते खोकं, तळहातावर मावेल एवढं. मी ते हातात घेऊन बसलो. उठून दोन गल्ल्या चालत जायचं आणि द्यायचं, एवढंच काम. मी उठलो, माळ्यावर चढलो आणि गणपतीच्या मखराच्या खोक्यात, झिरमिळ्यांच्या खाली, ते ठेवून दिलं. मखर काढायला अजून बराच वेळ होता. पौर्णिमा होऊन जाईल, मग पार्सल उशिरा आलं म्हणायचं, असा माझा हिशेब. खाली उतरलो तेव्हा हात धुवावेसे वाटले, म्हणून धुतले.

दत्ताराम रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचा. ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा. व्हिडिओ बघून त्याने लाकडाचा तसाच चाकू करून घेतला होता, पात्याला भोक, मुठीला स्क्रू. तो काढायचा आणि अंगठ्याने उघडायचा, मांडीवर दाबून मिटवायचा. उघड, मीट, उघड, मीट. लाकडाचा टकटक आवाज. वर बरोब्बर त्याच्या डोक्यावर माळा. पार्सल आलं का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. बायको विचारायची, "आलं नाही का हो अजून?" मी म्हणायचो, पावसात गाड्या अडकतात. दत्ताराम म्हणायचा, "येईल गो वहिनी." आणि टकटक चालू. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "भावजींची एवढी काळजी करताय, आजारी पडाल."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे जेटीवर जमले. नाखव्यासाठी कोणीतरी खुर्ची आणली होती. बोटीवरचा दोर एका टोकाला खुंट्याला बांधला होता, दुसरं टोक दत्तारामने स्वतःच्या पायाला गुंडाळून घेतलं होतं. शेजारी बादलीत मासळीचं पाणी. खलाशी, बर्फवाले, जाळीवाले, टोपल्या टेकवून बायका.

"चाकू कुठाय?" नाखव्याने विचारलं.

दत्तारामने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मला खोटं बोलता आलं असतं. तो पायातल्या दोराकडे बघत म्हणाला, "वाटेत हाय, नाखवा. चहा घेऊ तोवर."

"आज नाही आला तर?"

"तर नाय आला. मग मी शेडमध्येच बरा."

चहा आला. मी हातात पेला घेऊन उभा होतो. मला फक्त उभं राहायचं होतं. चहा संपला असता, नाखवा उठला असता, आणि बोट जन्मभर माझी. माझ्यासमोर तो एका हाताने बशीत चहा ओतत होता, सांडत नव्हता. लिलावाच्या बायका त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्यातली एक रडत होती. मला वाटलं, मी समुद्रात बुडालो तर माझ्यासाठी तरी ही बाई रडेल का? आणि मग वाटलं, हा माणूस बोटीवर असला तर मी बुडणारच नाही.

मी पेला ठेवला आणि घराकडे चालायला लागलो. मग धावलो. माळ्यावर चढताना मखराची कमान मोडली, ती अजून तशीच चिकटवलेली आहे.

परत आलो तेव्हा धाप लागली होती. आमच्याकडे चाकूसुरी हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. मी खोकं त्याच्यासमोर पसरलेल्या जाळ्यावर ठेवलं.

"हातात दे," दत्ताराम म्हणाला.

"भांडण होईल."

"व्हायचं ते आठ दिवस चाललंय. आता दे."

फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाला. मी खोकं त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट केलं. चारी बाजूंनी चिकटपट्टी. "चाकूचं खोकं उघडायलाच चाकू लागतो," तो मोठ्याने म्हणाला आणि सगळे हसले. मग ते माझ्यापुढे धरलं. "फाड, रम्या." तीन वर्षांत त्याने कोणाला काही उघडून मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी फाडलं.

त्याने पट्टी डावीकडे आहे ना एवढं बघितलं, चाकू खिशाला अडकवला, हात बादलीत बुडवला. नाखव्याने मोजायला सुरुवात केली. दोनला चाकू बाहेर होता. तीनला अंगठा भोकात गेला आणि घसरला. माझा श्वास अडकला. तो हरेल म्हणून की जिंकेल म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही. चारला पातं उघडलं. थोट्याने दोर दाबून दाते दोनदा ओढले, सहाला दोर तुटला. सातला कांडी मागे, पातं खाली, मांडीवर दाबून मीट. आठला चाकू खिशात होता. नाखवा तरीही नऊ, दहा म्हणाला, म्हातारा सवयीचा.

गर्दी पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. "तुला कधी कळलं?"

"आला त्याच दिवशी. प्राजूचा फोन आला, काका, पोचला म्हणून. तिच्या मोबाइलवर दिसतं ते सगळं."

मी मोबाइलवर लोकांचे वाढदिवस बघणारा माणूस. पार्सल दाराशी आलं की पुण्यात कळतं, हे मला कोण सांगणार?

"मग मागितलास का नाही?"

तो दोराचा तुटलेला तुकडा गुंडाळत होता. "चाकू काय, दुसरा मागवला असता. पण बोटीवर माझा एकच हात. दुसरा तुझाच असणार ना. तो आपणहून येतो की मागावा लागतो ते बघत होतो."

"आणि मी आलो नसतो तर?"

"तर शेडमध्ये बसलो असतो. तुझ्या बोटीवर जीव घालवण्यापेक्षा बरं."

 ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही, प्राजूलाही नाही. त्याचाही मला राग आला. चार लोकांत त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो.

नाखव्याने मला तांडेल ठेवलं. दत्तारामनेच सांगितलं म्हणे, रमाकांतच ठीक आहे. म्हणजे माझी जागासुद्धा त्याने दिलेली. चार मोसम तो माझ्या बोटीवर होता. मी म्हणायचो, "इथे टाका," आणि खलाशी आधी त्याच्याकडे बघायचे. तो पाण्याकडे बघून मान हलवायचा, मग जाळं पडायचं. एकदा माझ्याच पायात दोर आला. मी खाली बघेपर्यंत तो तुटला होता आणि चाकू त्याच्या खिशात होता. पातं बाहेर आलेलं मी पाहिलंच नाही. मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, "बूट बदल, रम्या. त्या लेसमुळे अडकला."

गेल्या वर्षी माझा गुडघा गेला. बोटीवर चढताना दोघांनी धरायला लागतं. नाखव्याने बोट दुसऱ्याला दिली आणि मी जाळी शिवायच्या शेडमध्ये आलो. दत्तारामच्या जागेवर. त्याच सुमाराला नाटे गावच्या त्याच्या मेव्हण्याने लहान बोट घेतली आणि समुद्र जाणणारा माणूस हवा म्हणून त्याला बोलावलं. बोट मिरकरवाड्यातूनच न्यायची होती. दत्ताराम आणि शेवंतीवहिनी निघाले त्या सकाळी मी जेटीवर गेलो.

मनातलं सांगतो, मला वाटलं होतं तो जाताना चाकू मला देईल. इतक्या वर्षांची आठवण म्हणून. मी तर खिसाही बघून ठेवला होता. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ह्याच्यासाठी कुठल्या दुकानात काय मिळत असेल तर प्राजूला विचार." आणि बोटीत उतरला. चाकू दिला नाही. द्यायचं त्याच्या मनातही आलं नसणार. त्याला तो लागत होता.

निघताना त्यांच्या बोटीचा मागचा दोर शेजारच्या ट्रॉलरच्या दोरात पिळून बसला. मेव्हणा दोन्ही हातांनी ओढत होता, निघेना. दत्ताराम मागे सुकाणूपाशी उभा होता. त्याने दांडा थोट्याखाली दाबला, हात खिशाकडे गेला, दोर सुटला, हात परत सुकाणूवर. बोट वळली.

मी जेटीवर उभा राहून दोन्ही हात वर केले आणि हलवले. शेवंतीवहिनीने हलवला. दत्तारामने माझ्याकडे बघून मान डोलावली, हात मात्र हलवला नाही. एकच होता, आणि तो कामात होता. माझे दोन्ही रिकामे होते. बोट बंदराच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत मी ते तसेच वर धरून उभा राहिलो.